शिळोप्याच्या गप्पा, पण प्रयोगशाळेत: ‘स्टाइन्स;गेट: माय डार्लिंग्ज एम्ब्रेस’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळ ‘स्टाइन्स;गेट’ मी ज्यांच्या गळ्यात मारलं, ती माणसं काही महिन्यांनी ठरल्याप्रमाणे परत येतात आणि विचारतात, की ती दुसरी, हलकीफुलकी गोष्ट घेऊ का? कुणी म्हणतं ती टाकाऊ आहे, कुणी म्हणतं ती खेळून रडू आलं. दोन्ही एकाच खेळाबद्दल कसं खरं असेल? ही सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मूळ कथेचं रहस्य जिथे फुटतं, तिथे प्रश्नाआधीच तसं सांगितलं आहे. तेवढी उत्तरं ओलांडून पुढे गेलात तरी बाकीचं समजेल.

हा नेमका कोणता खेळ?

‘स्टाइन्स;गेट’ ही जपानी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि आवाजांसोबत पडद्यावर वाचत जायची गोष्ट, १५ ऑक्टोबर २००९ रोजी एक्सबॉक्स ३६० वर आली. फाइव्ह पीबी आणि नायट्रोप्लस या दोन कंपन्यांनी मिळून ती केली. मुख्य लेखन हायाशी नाओताका यांचं, मूळ कल्पना शिकुरा चियोमारु यांची आणि पात्रांची चित्रं ‘हुके’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराची. गोष्ट टोकियोतल्या अकिहाबारात, २०१० च्या उन्हाळ्यात घडते. ओकाबे रिन्तारो हा कॉलेजातला मुलगा जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतो, तिला ‘प्रयोगशाळा’ म्हणतो आणि स्वतःला ‘वेडा शास्त्रज्ञ होओइन क्योमा’. तिथे मायक्रोवेव्ह आणि मोबाइल जोडून केलेल्या एका खटपटीतून मेसेज भूतकाळात जायला लागतात. पुढे जे होतं ते होतंच.

‘माय डार्लिंग्ज एम्ब्रेस’मध्ये याच माणसांच्या हलक्याफुलक्या गोष्टी आहेत. जपानमध्ये हा खेळ १६ जून २०११ रोजी आला. इंग्रजीत यायला त्याला साडेआठ वर्षं लागली. स्पाइक चुनसॉफ्टने तो डिसेंबर २०१९ मध्ये पीएस४, स्विच आणि पीसीसाठी काढला. ओकाबे आणि प्रयोगशाळेचे सहा सदस्य, म्हणजे कुरिसु, मायुरी, सुझुहा, लुका, फेरिस आणि मोएका. प्रत्येकाची एक स्वतंत्र गोष्ट, प्रेमाच्या अंगाने जाणारी.

‘फॅनडिस्क’ हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार?

एखादी व्हिज्युअल नॉव्हेल गाजली, की जपानी कंपन्या तीच पात्रं, तीच पार्श्वभूमीची चित्रं आणि तेच आवाज घेऊन एक छोटा खेळ काढतात. चित्रं नव्याने काढायचा खर्च वाचतो, म्हणून लेखकाला प्रयोग करायला मोकळीक मिळते. टाइप-मूनने २००१ मध्ये ‘कागेत्सु तोया’ आणि २००५ मध्ये ‘फेट/हॉलो अतारॅक्सिया’ असे खेळ काढले, ते याच जातकुळीचे.

फॅनडिस्कमध्ये जगबुडी बाजूला ठेवतात. समुद्रकिनारा, आजारपण, उधारी, वाढदिवस, रुसवेफुगवे, असे विषय येतात. लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे गेले, आणि घरचे सगळे हॉलमध्ये सतरंजीवर पाय पसरून उरलेले लाडू खात बसलेत, ती वेळ डोळ्यांपुढे आणा. लग्नात जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. आता नुसत्या शिळोप्याच्या गप्पा. त्या गप्पांना गोडी येते ती आदल्या चार दिवसांच्या दमणुकीमुळे, आणि बाहेरून अचानक आलेल्या माणसाला त्यात काहीच सापडत नाही. फॅनडिस्कबद्दलची अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

नावाचा अर्थ काय?

मला या खेळातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते याचं जपानी नाव: ‘हियोकु रेनरी नो डार्लिंग’. ‘हियोकु रेनरी’ हा चार चित्राक्षरांचा वाक्प्रचार मूळचा चिनी. सम्राट शुआनझोंग आणि यांग गुइफेई यांच्या प्रेमावर बाई जुयी या कवीने नवव्या शतकाच्या सुरुवातीला दीर्घ काव्य लिहिलं. त्याच्या शेवटी प्रेमिकांची शपथ येते, की आकाशात असलो तर पंख जोडलेले पक्षी होऊ, जमिनीवर असलो तर फांद्या गुंतलेली झाडं होऊ. जपानीत हा वाक्प्रचार अभंग जोडप्यासाठी वापरतात.

खेळाच्या नावात एक अक्षर मुद्दाम बदललंय. ‘रेन’ म्हणजे ‘जोडलेलं’ या अक्षराच्या जागी ‘रेन’ असाच उच्चार असलेलं, पण ‘प्रेम’ या अर्थाचं अक्षर घातलंय. कानाला काही फरक कळत नाही, डोळ्यांना कळतो. आपल्याकडे श्लेष बहुधा कानावर चालतो, हा फक्त डोळ्यांचा श्लेष. आणि लक्षात घ्या, ज्या काव्यातून हे आलं ते विरहाचं काव्य आहे. यांग गुइफेई मेलेली आहे आणि सम्राट तिला शोधतो आहे. मूळ ‘स्टाइन्स;गेट’ ज्याने पुरं केलंय, त्याला या खेळाचं नाव वाचूनच पोटात कालवतं. इंग्रजी नावात हे काहीच आलेलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मूळ खेळ खेळलेला नाही. हा सेलमध्ये स्वस्त दिसतोय, थेट घेऊ का?

नको. मी सहसा ‘तुमच्या मर्जीवर’ म्हणते, इथे म्हणणार नाही. हाच खेळ आधी उघडलेल्यांच्या प्रतिक्रिया साधारण एकाच धर्तीच्या असतात, की पात्रं आरडाओरडा करतात, विनोद समजत नाहीत, काही घडतच नाही. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. या खेळाला तुमची ओळख करून घ्यायची नाहीये. तुम्ही ओळखीचे आहात असं धरूनच तो बोलायला लागतो.

ॲनिमे पाहिलीय. तेवढं पुरेल?

बहुतेक पुरेल. व्हाइट फॉक्स स्टुडिओची २०११ ची मालिका २४ भागांची आहे आणि कथेला प्रामाणिक आहे. फक्त मूळ खेळात पहिले दहाएक तास प्रयोगशाळेतल्या रिकाम्या दुपारी, चॅटवरची भांडणं, कॅफेतल्या गप्पा असं संथ चालतं. तिथे माणसं मुरतात. ॲनिमेला तेवढी सवड नव्हती. म्हणून ॲनिमेवरून आलेल्यांना मोएका आणि लुका थोडे परके वाटतात.

लोकांचं याच्याबद्दल एवढं दुमत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

पहिलं कारण म्हणजे कोण कधी तिथे पोचलं. जपानी खेळाडूंना मूळ खेळ ऑक्टोबर २००९ मध्ये मिळाला आणि त्यानंतर दीड वर्षाहून थोड्या जास्त काळाने हा. मूळ कथेची जखम अजून ओली होती, आणि पुढे कुठली मालिका येणार, कुठलं दुसरं दुःख येणार हे माहीत नव्हतं. त्यातच एप्रिल २०११ पासून टीव्हीवर ॲनिमे सुरू होती. जूनमध्ये तिचा पूर्वार्ध संपत होता आणि महिन्याच्या शेवटाकडे, बाराव्या भागात, गोष्ट अचानक काळोखात शिरते. म्हणजे ज्या पंधरवड्यात टीव्हीवरचे प्रेक्षक हादरले, त्याच पंधरवड्यात दुकानात ही गोड डबी आली. वेळ अशी जुळली, की या खेळाकडे सांत्वन म्हणून बघणं साहजिक होतं.

इंग्रजी वाचणाऱ्यांचा रस्ता वेगळा. त्यांना मूळ खेळ पीसीवर २०१४ मध्ये मिळाला, मग २०१६ मध्ये ‘स्टाइन्स;गेट झिरो’, जो मनाने मोडलेल्या ओकाबेचा, अंगावर येणारा खेळ आहे. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲनिमेची चित्रं वापरून केलेलं ‘एलिट’, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा. दहा वर्षं जुनी चित्रपद्धत, फ्लिप फोन, आणि ‘झिरो’चा जडपणा पचवून आलेला वाचक. त्याला हे मागे जाणं वाटलं. काहींना ते हवंहवंसं मागे जाणं होतं, काहींना परतीच्या बसने पुन्हा पहिल्या थांब्यावर सोडल्यासारखं झालं. खेळ तोच, पण वाचक कुठून चालत आलाय त्यावर त्याची चव बदलली.

दुसरं कारण मूळ खेळाने दिलेलं वचन. ‘स्टाइन्स;गेट’मध्ये काहीच फुकट जात नाही. पहिल्या तासात टेबलावर ठेवलेली वस्तू तिसाव्या तासाला जीव घेते किंवा वाचवते. अशा लेखनाची सवय लागलेला वाचक इथेही प्रत्येक संवादाकडे संशयाने बघतो, की हे कशाची तयारी आहे? आणि ती कशाचीच तयारी नसते. मायुरी कराआगे (तळलेलं चिकन) गरम करते, कारण तिला भूक लागलेली असते. ज्यांना ‘कशाचीच तयारी नाही’ हे सुटकेसारखं वाटलं, त्यांना खेळ आवडला. ज्यांना फसवणूक वाटली, त्यांना नाही. मी पहिल्या गटात आहे, पण दुसऱ्या गटाचं म्हणणं मला पटतं. लेखकानेच लावलेली सवय आहे, वाचकाची चूक नाही.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कारण. मूळ कथेत ओकाबेला एक शक्ती असते. भूतकाळात ढवळाढवळ झाली की घटनांचा सगळा प्रवाह, म्हणजे ‘जगाची रेषा’, बदलते. ती बदलली तरी आधीच्या रेषेतलं सगळं त्याला आठवतं, बाकी कुणालाच नाही. तो या शक्तीला ‘रीडिंग स्टायनर’ म्हणतो. दारू (हा हाशिदा इतारू. हाशिदातला ‘दा’ आणि इतारूतला ‘रू’ मिळून झालेलं टोपणनाव, त्याचा बाटलीशी संबंध नाही) त्याच्यासमोर हसतखेळत बसलेला असतो आणि ओकाबे एकटाच काल रात्री काय झालं ते ओझं घेऊन बसलेला असतो. या हलक्या खेळात ते ओझं आपल्यावर येतं. पडद्यावरच्या माणसांच्या अंगावर कुठलाच ओरखडा नाही, आणि आपल्याला मात्र सगळं आठवतंय. एखादी साधी ओळ येते, ‘उद्या भेटू’, आणि आपण थबकतो. ज्यांना हे जाणवलं, त्यांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांत ‘हलकं’ हा शब्द सापडत नाही.

(मूळ कथेचं रहस्य आहे) हलक्या खेळात मायुरीच्या भागात लोक रडतात म्हणे. असं काय आहे त्यात?

काही नाही. म्हणूनच.

मूळ कथेत ओकाबे मायुरीला वाचवायला पुन्हा पुन्हा मागे जातो आणि ती पुन्हा पुन्हा मरते. कारण बदलतं, मरण चुकत नाही. वाचताना असं होतं, की तिचं ‘तुत्तुरू’ हे ठरलेलं अभिवादन ऐकलं की आता किती वेळ उरलाय हे आपण मोजायला लागतो. शिवाय ‘होओइन क्योमा’ हे सोंगच तिच्यासाठी जन्मलेलं आहे. आजी गेल्यावर लहानगी मायुरी मुकी झालेली, रोज थडग्यापाशी उभी राहणारी. एक दिवस ओकाबे तिला मागून घट्ट धरतो आणि म्हणतो, की तू माझी ओलीस आहेस, तुला कुठे जाऊ देणार नाही. इंग्रजी नावात ‘एम्ब्रेस’, म्हणजे मिठी, हा शब्द आहे. तो मायुरीच्या बाबतीत जितका खरा आहे तितका कुणाच्याच नाही.

एवढं सगळं पाठीशी असताना, जिथे घड्याळ कुणाचाच जीव मागत नाही अशा जगात, ती शिवणकाम घेऊन सोफ्यावर बसली आहे. आपण मोजायला लागतो आणि मोजायला काही नसतं. मला रडू आलं ते अशाच एका प्रसंगात, आणि कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. माझ्या मामेबहिणीलाही तिथेच आलं. आम्ही दोघींनी एकमेकींना काही सांगितलेलं नव्हतं.

(मूळ कथेचं रहस्य आहे) मोएकाच्या गोष्टीवर काहींचा राग का?

मूळ कथेत मोएका ज्या माणसाच्या हुकमावर चालते, त्याच्यासाठी ती प्रयोगशाळेवर बंदूक रोखते. तिच्या हातून जे झालं ते पाहिलेल्यांना तिच्याशी प्रेमकथा हे पात्रांशी केलेलं वाईट वर्तन वाटतं. ‘त्या रेषेत ते घडलंच नाही’ हे उत्तर तर्काने बरोबर, पण मन तर्काने चालत नाही.

माझं मत त्यांच्याहून वेगळं आहे. मोएका समोर बसलेल्या माणसाशी बोलू शकत नाही. टेबलापलीकडे बसून ती मेल पाठवते, इतक्या भराभर की ओकाबे तिला ‘चमकत्या बोटांची’ म्हणून नाव ठेवतो. ती दुष्ट नव्हती, तिला जगात एकच माणूस विचारत होता आणि तो माणूस चुकीचा होता. तिला दुसरं कुणी वेळेत विचारलं असतं तर? मूळ कथेने हा प्रश्न उभा करून तसाच सोडला होता. या संग्रहाने त्याच्याकडे वळून पाहिलं, हे मला त्यातलं सगळ्यात धाडसी काम वाटतं. ही गोष्ट सगळ्यांत जास्त हसवते असं नाही. पण सहा गोष्टींतली एकच ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन, आणि यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

लुकाच्या बाबतीतले विनोद जुने झालेत का?

हो, काही झालेत. लुका दिसायला, वागायला नाजूक आणि वर ओकाबेची ठरलेली ओळ, ‘पण मुलगा आहे’. २००९ च्या त्या वातावरणात तो विनोद होता, आज अनेकांना, मलाही, तो टोचतो. दारूच्या चावट शेऱ्यांचंही तेच. या तक्रारी नव्या पिढीचा हळवेपणा म्हणून झटकून टाकू नयेत. लुकाचं मनोगत मूळ खेळात फार कोवळं लिहिलंय, आणि त्याच्याशेजारी हा विनोद उभा राहतो म्हणूनच तो जास्त लागतो.

विज्ञान कुठे गेलं?

मूळ खेळात कृष्णविवरं, युरोपातल्या सर्न या खऱ्या अणुसंशोधन संस्थेवर बेतलेली ‘सेर्न’, काळप्रवासाच्या अकरा सिद्धान्तांची चर्चा असं बरंच काही होतं. इथे ते बहुतेक नाही. कथा ‘डेल्टा’ या जगाच्या वेगळ्या रेषांवर घडते, म्हणजे मूळच्या ‘आल्फा’ आणि ‘बीटा’ या दोन्हींपासून लांब. विज्ञानासाठी येत असाल तर निराश व्हाल. प्रयोगशाळेतली भन्नाट उपकरणं मात्र आहेत.

हा अधिकृत कथेत मोजायचा का? मालिकेत बसतो का?

जगाच्या असंख्य रेषा आहेत हे एकदा मालिकेनेच मान्य केलं, की ही एक रेषा आहे म्हणणं सोपं. पण कोणत्या रेषेवर कुणाचा जन्म शक्य, सुझुहा तिथे का असावी, यावर वाद घालणारे खेळाडू आहेत आणि त्यांचा अभ्यास दांडगा असतो. मी त्या वादात रमत नाही. ज्यांना रमायचंय त्यांनी जरूर रमावं, मूळ खेळानेच ती हौस लावलीय.

याला ‘संग्रह’ म्हणणं बरोबर आहे का?

सहा वेगळ्या गोष्टी एका सुरुवातीतून फुटतात, म्हणून मी म्हणते. पण खऱ्या अर्थाने संग्रह हवा असेल तर ‘लिनिअर बाउंडेड फेनोग्राम’ बघा. तो जपानमध्ये एप्रिल २०१३ मध्ये आला. त्यात प्रत्येक गोष्ट वेगळ्या पात्राच्या नजरेतून आहे. दारू, फेरिस, टीव्ही दुकानाचे मालक तेन्नोजी (ओकाबे त्यांना ‘मिस्टर ब्राउन’ म्हणतो) अशी माणसं स्वतः बोलतात. लेखकही एकच नाही, त्यामुळे तो हातात घेतल्यावर मला दिवाळी अंकाची आठवण आली. एक कथा जमलेली, एक फसलेली, मध्येच एक अशी की तिच्यासाठी अख्खा अंक सांभाळून ठेवावा. सूरही मिश्र आहे, सगळंच हसरं नाही. इंग्रजीत तो वेगळा विकला गेला नाही. ‘एलिट’च्या पीएस४ आणि पीसी आवृत्तीसोबत जोड म्हणून आला. स्विचवर घेणाऱ्यांना त्याऐवजी फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या खेळयंत्राच्या धाटणीचा ‘८-बिट’ खेळ मिळाला. स्विचवर ‘एलिट’ घेऊन फेनोग्राम शोधत बसलेले दोघे मला माहीत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सगळ्यांचा क्रम काय ठेवू?

आधी मूळ ‘स्टाइन्स;गेट’, खऱ्या शेवटापर्यंत. मग चार-आठ दिवस काही नको. मग ‘माय डार्लिंग्ज एम्ब्रेस’. ‘झिरो’ त्याच्या नंतर. इंग्रजी खेळाडूंना हे उलट्या क्रमाने मिळालं आणि त्यांच्या प्रतिक्रियांतला बराचसा थकवा त्या क्रमाचा आहे, असं मला वाटतं. तुम्हाला तो क्रम पाळायचं बंधन नाही. ‘फेनोग्राम’ कधीही, पण मूळच्या नंतरच.

एखाद्या पात्राची गोष्ट लागते कशी?

मूळ खेळासारखंच फोनवर. मेल येतात, कुणाला काय उत्तर देता त्यावर वाट ठरते. सेव्ह भरपूर करा. वाचलेला मजकूर स्किप होतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीपासून वेळ कमी लागतो. मूळ खेळाला तीसेक तास सहज जातात, हा त्याच्या निम्म्यात होतो.

आधी कुणाची गोष्ट घेऊ?

फेरिसची. ती सगळ्यात मोकळी आहे आणि खेळाचा सूर कानात बसतो. कुरिसुची मधे कुठेतरी. तिची आणि ओकाबेची खडाजंगी, त्याचं तिला ‘क्रिस्टिना’ म्हणणं आणि तिचं ‘टिना नको’ म्हणून उसळणं, हे पहिल्याच दिवशी संपवलं तर बाकीचं फिकं वाटेल. मायुरी शेवटी. हे नियम नाहीत, पण मायुरी शेवटी घ्याच.

इंग्रजी जड जाईल का? मराठीत मिळतो का?

मराठीत नाही, हिंदीतही नाही. आवाज जपानी, मजकूर इंग्रजी. वाक्यं सोपी आहेत, अडतं ते जपानी आंतरजालावरच्या बोलीमुळे. एक शब्द आधीच सांगते, म्हणजे ओकाबे समजेल: ‘चूनिब्यो’. शब्दशः ‘माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाचा आजार’. ते वर्ष म्हणजे आपली आठवी. त्या वयात मुलांना आपण कुणीतरी गुप्त शक्तीचे धनी आहोत असं वाटतं, तसं. ओकाबे अठरा वर्षांचा आहे आणि अजून आठवीतच आहे. बंद फोन कानाला लावून तो अदृश्य संघटनेशी बोलतो. तो असं का करतो हे मायुरीच्या उत्तरात आलंय.

दुसरी अडचण संबोधनांची. जपानीत कोण कुणाला ‘सान’ म्हणतं, कोण ‘चान’, कोण ‘शी’, यातून नातं कळतं. इंग्रजीत ते पुसट होतं. पण आपल्याला तू, तुम्ही, ‘अगं’, ‘अहो’ यांच्यातलं अंतर जन्मापासून माहीत आहे. म्हणून मी मजकूर इंग्रजीत वाचते आणि कान जपानीकडे ठेवते. इंग्रजीत सरसकट ‘यू’ असतं, तिथे मूळ आवाजात कुणीतरी अंतर कमी केलेलं ऐकू येतं. प्रेमकथांच्या या खेळात तर सगळी कथाच त्या एका अक्षरात असते. हानाझावा काना यांनी दिलेला मायुरीचा आवाज आणि मियानो मामोरु यांचा ओकाबे, दोघांसाठी ऑटो मोड (मजकूर आपोआप पुढे सरकतो) लावा आणि घाई करू नका.

घरातल्या लहान मुलांनी खेळलं तर?

उघडी नग्नता दाखवणारा खेळ नाही, पण चावट बोलणं आहे. आणि मूळ कथेत हिंसा, आत्महत्येचे प्रसंग आहेत, ते केल्याशिवाय इथे येणं नाही. अकरावी-बारावीच्या आत मी देणार नाही.

पैसे वसूल होतात का?

स्टीम या पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानात किंमत रुपयांत दिसते आणि सेल वारंवार लागतात. पूर्ण किमतीला हा मला महाग वाटतो, कारण चित्रं बरीचशी जुनीच आहेत. सेलमध्ये घ्या. आवडेल की नाही हे आधी ताडून बघायचं असेल तर एकच करा. मूळ खेळातला एखादा काहीच न घडणारा प्रसंग आठवा. कुणीतरी फ्रीज उघडतंय, कुणीतरी सोफ्यावर आडवं पडलंय, खाली टीव्हीचं दुकान. तो प्रसंग तुम्ही स्किप केला होता का?

एका बैठकीत संपवू का?

नका संपवू. मी पहिल्यांदा शनिवार-रविवारात चार गोष्टी संपवल्या आणि चौथीपर्यंत गोडाचं अजीर्ण झालं. त्या फेरीवर मत दिलं असतं तर मीही ‘टाकाऊ’ म्हणाले असते. दुसऱ्यांदा दोन महिने लावले. आठवड्याला थोडं, बहुतेक रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. पंखा चालू, पडदा ओढलेला, आणि अकिहाबारातही उन्हाळाच. सुझुहाची गोष्ट संपली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. चहा टाकायला उठले, आणि आधण येईपर्यंत ओट्याशी उभी राहून तिची सायकल आठवत होते.